जुन्या चित्रवाणी संचाचे दुखणे कसे ओळखावे?

श्रोतेहो, गोठ्यातले जनावर आजारी पडले तर जाणता शेतकरी डॉक्टरला नुसते "बैल बिघडला" असे सांगत नाही. चारा टाकतो का, रवंथ करतो का, कान गार आहेत की गरम, हे सगळे तो सांगतो आणि निम्मे निदान तिथेच होते. चित्रवाणी संचाच्या बाबतीत मात्र आपण "टीव्ही बिघडला" एवढेच म्हणतो. मग मेकॅनिक येतो, अंदाजाने दोन व्हॉल्व्ह बदलतो, दुखणे तसेच राहते आणि खर्च तेवढा अंगावर पडतो. शेवटी चांगला दुरुस्त होण्यासारखा संच भंगाराच्या गाडीवर चढतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत कुठे घराच्या माळ्यावर, कुठे शाळेच्या कपाटाआड असे लाकडी पेटीचे, चार पायांचे जुने संच अजून दिसतात. त्यांची दोन दुखणी नेहमीची. एक, चित्र एका जागी ठरत नाही; ते वरखाली घसरते किंवा तिरपे फाटते. दुसरे, चित्रातला काळ्या-पांढऱ्याचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट बिघडतो. चित्र फिके तरी पडते नाहीतर कोळशासारखे काळवंडते. ही दोन दुखणी वेगळी दिसली तरी त्यांचे नाते आहे, आणि ते नाते कळले की दोष कुठे दडला आहे हे पेटी न उघडताही बरेचसे सांगता येते. तेच आज पाहू.

प्रथम चित्र कसे उमटते ते समजून घेऊ. पडद्यावर पूर्ण चित्र असे कधीच नसते. काचनळीच्या मागच्या टोकाकडून येणारा इलेक्ट्रॉनांचा एकच बारीक झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे रेघा ओढीत असतो. आपल्या देशाच्या पद्धतीत एका चित्राला ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक चित्र दोन पाळ्यांत ओढले जाते, एकाआड एक रेघ सोडून. म्हणजे झोत सेकंदाला ५० वेळा वरून खाली येतो आणि १५,६२५ रेघा ओढतो. आपल्या डोळ्याला हे सगळे एकच सलग चित्र वाटते.

आता गंमत अशी की, स्टुडिओतला कॅमेरा जी रेघ ज्या क्षणी सुरू करतो, त्याच क्षणी आपल्या संचानेही ती सुरू केली पाहिजे. भजनात पखवाज पुढे आणि टाळ मागे राहिले तर काय होते? अभंग तोच असतो, पण ऐकवत नाही. तसेच इथे. म्हणून चित्राबरोबरच तालाचे ठोके पाठवलेले असतात. प्रत्येक रेघेच्या अखेरीस एक छोटा ठोका, आणि प्रत्येक पाळीच्या अखेरीस एक लांब ठोका. मेकॅनिक मंडळी त्यांना सिंक म्हणतात. संचात रेघांचा एक आणि पाळ्यांचा एक असे दोन ताल धरणारे भाग असतात. ते आपल्या मनानेही चालत राहतात, पण बाहेरून आलेला ठोका ऐकून दर वेळी आपली चूक दुरुस्त करतात. ठोका ऐकू आला नाही की ते भरकटतात.

हे ठोके आणि चित्र एकाच लहरीवर बसून येतात. ठोक्याच्या वेळी लहर सर्वांत जोरकस, म्हणजे १०० टक्के असते. काळ्या रंगाला ती सुमारे ७५ टक्के राहते आणि लख्ख पांढऱ्याला जेमतेम १० टक्क्यांवर उतरते. म्हणजे ठोका हा काळ्याहूनही काळा असतो. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पुढे ती आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

आता संचाच्या आतला रस्ता बघू. त्यासाठी आपल्या कर्जत स्टेशनापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. कल्याणहून येणारी गाडी नेरळ, भिवपुरी करीत एकाच मार्गाने कर्जतला येते. तिथून फाटे फुटतात. एक फाटा खोपोलीला जातो, दुसरा घाट चढून पुण्याकडे जातो. आता समजा खोपोलीची गाडीही आली नाही आणि पुण्याचीही पोचली नाही, तर घोटाळा कर्जतच्या अलीकडे आहे. पुण्याची गाडी वेळेवर पोचली आणि खोपोलीचीच रखडली, तर घोटाळा खोपोलीच्या फाट्यावर आहे. हे कळायला रेल्वेचा अधिकारी असावे लागत नाही.

संचातही असेच आहे. अँटेनाकडून आलेली लहर ट्यूनरमधून, मग मधल्या वर्धक व्हॉल्व्हमधून आणि चित्र वेगळे काढणाऱ्या डिटेक्टरमधून एकाच मार्गाने चित्रवर्धक व्हॉल्व्हपर्यंत येते. हे आपले कर्जत. तिथे फाटा फुटतो. एक वाट काचनळीकडे जाते, ती चित्राची. दुसरी वाट ठोके निवडून घेणाऱ्या भागाकडे जाते. तिलाही पुढे दोन फाटे: एक रेघांच्या तालाचा, एक पाळ्यांच्या तालाचा. काही संचांत हा फाटा थोडा अलीकडे, काहींत थोडा पलीकडे असतो, पण नियम बदलत नाही. दोष शोधताना आधी फाटा शोधावा. कोणकोणती गाडी चुकली ते बघावे आणि मग मागे जावे.

पण त्याआधी एक पथ्य. संचावर संशय घेण्यापूर्वी संचाला पुरेसे आणि चांगले खाद्य मिळते का ते पाहावे. आपल्या भागात हा प्रश्न पहिल्यापासूनच मोठा होता. मुंबईचे चित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई आणि चित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक भाग होता. १९७६ साली दूरदर्शन वेगळे झाले. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच, आणि तिथून कर्जत सरळ रेषेत जेमतेम ५५ किलोमीटर, खोपोली सुमारे ६०. अंतर काही फार नाही. पण मध्ये कर्जतच्या बाजूला माथेरान, प्रबळगड आणि इर्शाळगडाचे डोंगर उभे आहेत, आणि खालापूरच्या पश्चिमेला कर्नाळ्याकडची डोंगररांग. चित्रवाणीची लहर बहुतांशी प्रकाशासारखी सरळ जाते. डोंगराच्या मागे जशी सावली पडते, तशी तिचीही पडते. त्यामुळे टेकाडावरच्या घरात चित्र स्वच्छ आणि खालच्या वाडीत मुंग्याच मुंग्या, असा प्रकार होई. खालच्या वाडीतला संच खराब नव्हता, त्याची जागा खोलात होती.

दुसरी अडचण पूर्वेच्या बाजूची. तिकडे सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा उभा. दरीत हाक मारली की कडा ती परत देतो, तशी चित्राची लहरही त्यावर आपटून उलट येते. शिक्षकांनी मुलांना हे गणित जरूर घालावे. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. गाव कड्यापासून दीड किलोमीटरवर असेल, तर जाऊन येऊन तीन किलोमीटरचा फेरा, म्हणजे १० मायक्रोसेकंद उशीर. पडद्यावरची एक रेघ ओढायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागतात. पडदा ४० सेंटिमीटर रुंद धरला तर हे दुसरे, फिके चित्र मूळ चित्राच्या उजवीकडे साडेसात-आठ सेंटिमीटरवर उमटेल. वृत्तनिवेदकाच्या शेजारी त्याचीच सावली बसलेली दिसे ती यामुळेच. आणि चित्राची जशी सावली, तशी ठोक्यांचीही. एकाऐवजी दोन टाळ ऐकू आल्यावर ताल धरणारा भाग गोंधळून जातो आणि चित्र डळमळते. यावर उपाय व्हॉल्व्ह बदलणे हा नव्हे. अँटेना उंच करणे, तिचे तोंड बारकाईने फिरवणे आणि जास्त दांड्यांची अँटेना लावणे हा होता.

तिसरी गोष्ट ठिणग्यांची. रेल्वेच्या वरच्या तारेशी घासताना उडणाऱ्या ठिणग्या, मोटारसायकलचा प्लग, पिठाची गिरणी, या सगळ्यांतून लहरी उसळतात. ठोका काळ्याहून काळा असतो हे आपण पाहिले. ठिणगीची लहरही त्याच बाजूला उसळते, म्हणून संच तिला ठोका समजून फसतो. चित्र क्षणभर फाटून पुन्हा जागेवर आले, तर दोष बहुधा बाहेरचा असतो.

चौथी गोष्ट विजेची. खोपोलीचे वीजघर १९१५ सालचे आणि भिवपुरीचे १९२२ सालचे, तरी संध्याकाळी गावातला दाब उतरण्याचे दुखणे काही चुकले नाही. दाब उतरला की चित्र चारही बाजूंनी आक्रसते, मंद होते आणि ताल सुटू लागतो. २३० व्होल्टच्या जागी किती मिळतात ते आधी मोजावे.

हे झाले पूर्वीचे. आज अँटेना लावून या संचावर काही मिळणार नाही. प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत, काही मोक्याची ठिकाणे सोडून, जुन्या पद्धतीची प्रक्षेपणे बंद केली. आता संच तपासायचा तर डीव्हीडी प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स घ्यावा आणि त्याला मॉड्युलेटर नावाची छोटी डबी जोडून तिची तार संचाच्या अँटेनाच्या जागी लावावी. जुने संच बहुधा फक्त व्हीएचएफ पट्ट्याचे असतात, म्हणून मॉड्युलेटरही त्याच पट्ट्याचा हवा आणि भारतात चालणाऱ्या पद्धतीचा हवा. मुंबई केंद्र चौथ्या चॅनलवर, ६१ ते ६८ मेगाहर्ट्झवर होते. मॉड्युलेटर त्या चॅनलचा मिळाला तर उत्तमच. एक सावधगिरी मात्र हवी. पूर्वी इथे लहर अपुरी पडे, आता मॉड्युलेटरची लहर अतिजोरकस होऊ शकते. संच तिने गुदमरतो. ठोके दबून जातात, चित्र काळेकुट्ट होऊन वाकते. अशा वेळी मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे लहर कमी करणारा जोड लावावा.

खाद्य चांगले असूनही दुखणे राहिले, तर आता लक्षणे बघू. कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेसची बटणे पुढे असतात. उभा होल्ड आणि आडवा होल्ड ही बटणे बहुतेक संचांत मागच्या फळीतून बाहेर आलेली असतात. ती हाताने, फळी न काढता फिरवावीत.

पहिले लक्षण: चित्र वरखाली घसरते, पण रेघा सरळ आहेत आणि काळे-पांढरे ठीक आहे. म्हणजे फक्त एक गाडी चुकली. दोष पाळ्यांच्या तालात. उभा होल्ड सावकाश फिरवा. चित्र खाली घसरता घसरता थांबून वर घसरू लागले, पण मध्ये कुठेच पकडीत आले नाही, तर ताल धरणारा चालू आहे, त्याला ठोका पोचत नाही. उलट बटण टोकापर्यंत फिरवूनही घसरणे एकाच दिशेने चालू राहिले, तर ताल धरणाऱ्याचाच वेग बिघडला आहे. तिथला व्हॉल्व्ह थकला असेल, एखादा रेझिस्टर वाढला असेल किंवा कंडेन्सर गळत असेल. युरोपीय पद्धतीच्या संचांत या जागी बहुधा पीसीएल ८५ किंवा पीसीएल ८०५ हा व्हॉल्व्ह असतो.

दुसरे लक्षण: चित्र तिरप्या पट्ट्यांत फाटते. हा रेघांच्या तालाचा दोष. इथे एक सोपी युक्ती आहे: पट्टे मोजा. एक तिरपा पट्टा म्हणजे सेकंदाला ५० रेघांची चूक. तीन पट्टे दिसले तर संच १५,६२५ ऐवजी १५० रेघा कमी किंवा जास्त ओढतो आहे. आडवा होल्ड फिरवून पट्टे कमी होत होत चित्र क्षणभर उभे राहिले आणि पुन्हा सुटले, तर ठोका पोचत नाही किंवा ठोक्याशी तुलना करणारी डायोडची जोडी बिघडली आहे. पट्टे कमीच होत नसतील तर दोष ताल धरणाऱ्यात. संच लावल्यावर अर्ध्या तासाने चित्र सुटत असेल, तर गरम झाल्यावर मूल्य बदलणारा एखादा भाग आहे, हेही मेकॅनिकला सांगावे.

तिसरे लक्षण: चित्र घसरतेही आणि फाटतेही, पण काळे-पांढरे मात्र झकास. दोन्ही ताल चुकले, चित्राची गाडी मात्र पोचली. म्हणजे घोटाळा ठोके निवडणाऱ्या भागात. एक-दोन रेझिस्टर आणि एक गळका कंडेन्सर, एवढेच बहुधा निघते.

चौथे लक्षण: ताल पक्का, पण चित्र फिके. ठोके नीट पोचत आहेत, म्हणजे मुख्य मार्ग ठीक आहे. दोष फाट्यानंतर काचनळीकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा खुद्द काचनळीत. नळी थकली असेल तर चित्र उजळायला फार वेळ लागतो, आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की पांढऱ्या जागा चांदीसारख्या चकाकून लिबलिबीत होतात.

पाचवे लक्षण: ताल सुटलेला आणि कॉन्ट्रास्टही बिघडलेला. सगळ्याच गाड्या चुकल्या, म्हणून दोष फाट्याच्या अलीकडे. इथे मुंग्या बघा. फिके चित्र आणि भरपूर मुंग्या असतील तर लहर ट्यूनरपाशी किंवा त्याआधीच अडते आहे. फिके चित्र पण मुंग्या अजिबात नाहीत, तर तिच्या पुढचे वर्धक व्हॉल्व्ह किंवा चित्रवर्धक तपासावा. चित्र काळवंडून वाकत असेल, तर लहरीचा जोर आपोआप सांभाळणारी योजना, म्हणजे एजीसी, बिघडली असेल. आणि पडद्यावर एक रुंद काळसर पट्टा आडवा पसरून चित्राच्या कडा नागमोडी झाल्या असतील, तर विजेच्या पुरवठ्यातला मोठा कंडेन्सर सुकला आहे. तो सगळ्याच वाटांना त्रास देतो.

आता त्या ध्यानात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीचा उपयोग. ब्राइटनेस वाढवा, कॉन्ट्रास्ट थोडा कमी करा आणि उभा होल्ड हलकेच फिरवून चित्र संथ घसरू द्या. दोन चित्रांमधला काळसर आडवा पट्टा पडद्याच्या मधोमध आणा आणि त्याच्याकडे निरखून बघा. त्या पट्ट्याच्या आत आणखी गडद अशी हातोड्याच्या आकाराची खूण दिसली पाहिजे. तीच आपल्या ठोक्यांची खूण. ती पट्ट्याहून आणि चित्रातल्या काळ्याहून गडद असेल, तर फाट्यापर्यंत ठोके धडधाकट आलेले आहेत. ती पुसट असेल, पट्ट्यात मिसळून गेली असेल, तर ठोके वाटेतच छाटले गेले आहेत, आणि ताल धरणाऱ्या भागात हात घालून उपयोग नाही. पैशाचे एकही यंत्र न वापरता केलेली ही परीक्षा मेकॅनिकचा तासाभराचा वेळ वाचवते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मागची फळी घरच्या माणसाने किंवा विद्यार्थ्याने काढू नये. काचनळीला दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. या संचांच्या आतला पत्रा पुष्कळदा थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला तर तो पत्राच जिवंत होतो. काचनळी निर्वात असते, ती फुटली तर काचा आत ओढल्या जाऊन मग चौफेर उडतात. आणि वर्षानुवर्षे बंद असलेला संच एकदम २३० व्होल्टवर लावू नये. आतले कंडेन्सर निकामी झालेले असतात, ते फुटतात. दाब हळूहळू चढवण्याचे साधन असलेल्या जाणत्या मेकॅनिककडूनच तो पहिल्यांदा लावून घ्यावा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, असा एखादा संच शाळेत असेल तर तो असा सुरक्षित करून घ्यावा, फळी पक्की बंद ठेवावी आणि मुलांना समोर बसवून पट्टे मोजायला लावावेत. पुस्तकातली कंपनसंख्या त्यांना डोळ्यांनी दिसेल. सेकंदाला एकदा चित्र पूर्ण घसरले तर ५० ऐवजी किती, हे मुले स्वतःच सांगतील. आणि गृहस्थांनी एका कागदावर एवढेच लिहावे: चित्र घसरते की फाटते, की दोन्ही? काळे-पांढरे ठीक आहे की नाही? मुंग्या आहेत की नाहीत? पट्ट्यातली खूण गडद की पुसट? केव्हापासून, आणि लावल्यावर किती वेळाने? हा कागद मेकॅनिकच्या हाती द्यावा. तो चार व्हॉल्व्ह काढण्याऐवजी नेमक्या एका जागी हात घालील, आणि संच भंगाराच्या गाडीवर न चढता पुन्हा घरात उजेड देऊ लागेल.